पुतळाबाईंचा हात

घणसोली गावातली पुतळा मढवी रबाळ्याच्या एका प्रयोगशाळेत लागली ती झाडलोट करायला. चौऱ्याऐंशी साल होतं. वडील मिठागरावर राबून गेले होते, सासरची भातजमीन नव्या शहरासाठी सरकारात जमा झाली होती आणि नवरा नामदेव रंगाच्या कंपनीत पाळ्या करत होता. घरात सासू बायजाबाई आणि दोन लेकरं. पुतळा सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला कमी, हाताला चपळ. मिळालं ते काम तिने घेतलं.

प्रयोगशाळा खाजगी होती, दोन मजली. कारखान्यांमधून लोखंड-पोलादाचे तुकडे तपासायला यायचे. कुठे बॉयलरची नळी फुटलेली असायची, कुठे शाफ्ट तुटलेला, कुठे नव्या मालाची खात्री करून हवी असायची. नंदकुमार दातार हे तिथले मुख्य. उंच, वाकलेले, वाशीला राहणारे. सूक्ष्मदर्शकातून ते त्या तुकड्यांकडे तासन्‌तास बघत बसायचे. पण तुकडा आला तसा त्या काचेखाली ठेवून काही दिसत नाही. आधी तो कापायचा, बेकेलाइट नावाच्या काळ्या प्लास्टिकमध्ये दाबून कॅरमच्या स्ट्रायकरसारखी त्याची जाड वडी करायची आणि मग ती वडी घासत घासत आरशासारखी करायची. हे घासण्याचं काम तेव्हा एक केरळी माणूस करत असे. फरशी पुसून झाली की पुतळा त्या खोलीच्या दाराशी उभी राहून बघायची. त्याची बोटं कशी टेकतात, कधी थांबतात, तो मधेच वडी तिरपी धरून उजेडात काय बघतो, हे सगळं तिने दीड वर्ष नुसतं पाहिलं.

एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना तिने टाकून दिलेला एक तुकडा उचलला आणि घासायला घेतला. दातार सर लवकर परतले. तिला वाटलं, गेली नोकरी. सरांनी तुकडा तिच्या हातातून घेतला, काचेखाली ठेवला आणि डोळा लावून बघत राहिले.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोनी नाय, सायेब. बघत होते."

पुढच्या वर्षी केरळी माणूस आखाताला गेला आणि त्याच्या स्टुलावर पुतळा बसली.

काम वरून बघणाऱ्याला अगदी साधं वाटे. काचेच्या पाटावर एमरीचा कागद पसरायचा. चार प्रकारचे कागद, एक-शून्य ते चार-शून्य, खरखरीतापासून मऊपर्यंत. एका कागदावर वडी एकाच दिशेने घासायची. पुढचा कागद घेतला की वडी पाव फेरा वळवायची, आणि आधीच्या सगळ्या रेघा नव्या रेघांखाली मिटेपर्यंत घासत राहायची. मधे प्रत्येक वेळी वडी धुवायची, हात धुवायचे, नखंसुद्धा. आधीच्या कागदाचा एक कण पुढे गेला तरी केलेलं सगळं फुकट. शेवटी गरगर फिरणाऱ्या चाकावर मखमलीसारखं कापड, दर वडीला धुतलेलं, त्यावर पांढऱ्या भुकटीचं पाणी. तिथे वडीला चेहरा दिसेल अशी चकाकी येते.

पुतळाला या कामाचं मर्म फार लवकर कळलं. जोर लावला की वरचं लोखंड लोण्यासारखं पसरतं आणि खालचं खरं झाकून टाकतं. वर चकचकीत दिसतं, पण ते खोटं असतं. "लोखंडाला आपलं तोंड दाखवू द्यायचं," ती म्हणायची, "आपन मधे पडायचं नाय." दातार सर तिला पहिल्यापासून अहोजाहो करत. बाहेरगावचे पाहुणे आले की ते तिच्या खोलीत आणून म्हणत, "या पुतळाबाई. आमच्या रिपोर्टवर सही माझी असते, पण बघण्यासारखं मला जे दिसतं ते यांच्यामुळे."

अशी नऊ-दहा वर्षं गेली.

शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर पुतळाची बोटं बधिर व्हायला लागली. आधी उजव्या हाताची तीन, मग डाव्याचीही. सकाळी उठली की हात आपले नाहीतच असं वाटे. भाकरी थापताना पीठ कुठे संपलं आणि हात कुठे सुरू झाला ते कळेना. कोमट पाण्यात बुडवून, चोळून दहा-अकरापर्यंत थोडी जाग येई, दुपारी बरीचशी. तिने कोणाला सांगितलं नाही. नामदेवलाही नाही. हातावरच जिची नोकरी, ती हाताचं दुखणं कोणाला सांगणार?

आणि दिवाळीनंतर ओरखडे दिसायला लागले.

ऋता नावाची एक मुलगी वर्षभरापूर्वी प्रयोगशाळेत आली होती. धातुशास्त्राची इंजिनिअर, ऐरोलीला राहणारी, चोवीस वर्षांची. पुतळाच्या वड्या आता आधी तिच्याकडे जात. एका सकाळी तिने हाक मारली. "मावशी, जरा बघता का?"

पुतळाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. स्वच्छ पांढऱ्या मैदानावर चार खोल ओरखडे होते, वाकडेतिकडे, कुठल्याही दिशेला गेलेले. तिने वडी परत घेतली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. तिने कापड बदललं, भुकटीचं पाणी नवं केलं, नखं मुळापासून कापली. दातार सरांना वाटलं एमरीच्या कागदातच खोट आहे, म्हणून त्यांनी दुकानदाराकडून गठ्ठा बदलून घेतला. उपयोग झाला नाही.

एक गोष्ट मात्र पुतळाच्या लक्षात आली. सकाळच्या वड्या बिघडतात, दुपारच्या स्वच्छ येतात. आणि हे का, ते तिला पक्कं माहीत होतं. सकाळी बोटं मेलेली असतात, दुपारी जिवंत होतात. दुसरं काय कारण असणार?

मग तिने लपवाछपवी सुरू केली. सकाळी ती कापणं, वड्या पाडणं असली कामं करी आणि पॉलिश दुपारवर ढकली. काम तुंबायला लागलं. ऋता गप्प राहिली, सरही काही बोलले नाहीत. पण घरी जाताना रोज पुतळाच्या मनात एकच येई. आपला हात गेला. लोकांना कळायला अजून थोडे दिवस लागतील, एवढंच.

जानेवारीत हुक आला.

तळोज्याच्या एका कारखान्यात क्रेनने मोठा साचा उचलताना क्रेनचा हुक मोडला होता. साचा खाली आदळला, एका फिटरच्या पायाचं हाड मोडलं. कंपनीच्या चौकशीत ठरलं की क्रेन चालवणाऱ्याने मर्यादेबाहेर वजन उचललं. तो माणूस घरी बसवला गेला. युनियनने आग्रह धरला म्हणून हुक तपासायला पाठवला होता. दातार सरांनी मोडलेली जागा भिंगातून पाहिली, खडूने खूण केली. जिथून मोडायला सुरुवात झाली असं त्यांना वाटत होतं तिथून दोनच लहान तुकडे निघाले. त्याहून जास्त निघण्यासारखे नव्हते.

पहिला तुकडा गुरुवारी सकाळी पुतळाच्या हातात आला. तातडीचा होता, दुपारवर ढकलता येईना. तिने जीव ओतून घासला. ऋताने पाहिला तर ओरखडेच ओरखडे. पुन्हा घासला. तेच. तिसऱ्यांदा घासला तेव्हा तुकड्याचा काठ झिजून गोल झाला, आणि नेमकं जे बघायचं होतं ते काठावरच होतं. काचेखाली काठ धूसर दिसू लागला. त्यात एक रेघ आत गेलेली वाटत होती, पण ती पोलादातली चीर की पुतळाचा ओरखडा हे कोणालाच सांगता येईना.

दातार सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पुतळाबाई, दुसरा तुकडा आपण मुंबईला पाठवू," ते म्हणाले. "सोमवारी. तिथे यंत्रावर करतात."

"बरं," ती म्हणाली.

ती तोंड धुवायला बाहेर आली. फाटकाजवळच्या कट्ट्यावर एक माणूस बसला होता, पन्नाशीचा, इस्त्रीचा सदरा घातलेला. तिला बघून उठला.

"बाई, तळोज्याच्या हुकाचं काय झालं, कुणाला इचारू?"

"तुमी कोन?"

"मी हौसेराव. क्रेन मीच चालवत हुतो." तो सातारकडचा होता, कळंबोलीला राहत होता. आत जायचा त्याला धीर होत नव्हता. पुतळाने त्याला पाणी आणून दिलं. तो पाणी प्यायला आणि पेला हातात धरूनच बोलत राहिला. "सतरा वर्सं क्रेनवर हाय. वजन ज्यादा झालं की कळतं बघा. दोर बोलतो, ब्रेक बोलतो. त्या दिवशी कायबी बोललं न्हाई. एकदम कडाक झालं. आता फिटरच्या बायकोला तोंड कसं दाखवू? ती म्हनती तुमीच पाय मोडला."

पुतळा कट्ट्याच्या कडेला टेकली.

"तपासनारं हुशार हायेत न्हवं?" त्याने विचारलं.

"हायत," ती म्हणाली. एक तुकडा आपण सकाळीच वाया घालवला आहे हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार?

शुक्रवारी सकाळी उठली तेव्हा बोटं इतकी बधिर होती की चहाचा कप हातातून निसटून फुटला. बायजाबाई कपाचं काही बोलली नाही, ती आपल्याच तक्रारीत होती. "महिना झाला बघतंय, गच्चीवर सुकट वालत घातली का तिला कचकच लागते. दातांखाली खडा येतो. नीट धवत जा गो." पुतळाने मान हलवली. तिचं मन दुसरीकडे होतं. आज सरांना सगळं सांगून टाकायचं असं तिने ठरवलं होतं. बोटांचं, दुपारवर ढकललेल्या कामाचं, सगळं. मग पुन्हा झाडू हातात दिला तरी चालेल.

आभाळ आलं होतं. जानेवारीत असं क्वचित होतं. प्रयोगशाळेत पोचली तर दातार सर कामासाठी बेलापूरला गेलेले, दुपारी येणार होते. ऋता म्हणाली, "मावशी, पाच वड्या आजच्या आज द्यायच्या आहेत. साध्याच आहेत. बघता का?"

पुतळाने पाची वड्या केल्या. बोटांना काही कळत नव्हतं, नुसत्या सवयीने केल्या. वड्या ऋताच्या टेबलावर ठेवल्या आणि मागे वळून न बघता ती खोलीत येऊन बसली.

थोड्या वेळाने ऋता दारात आली. "मावशी, आज काय केलंत?"

"का? काय झालं?"

"एक स्क्रॅच नाही. पाचही क्लीन आहेत."

पुतळाला वाटलं, पोरगी आपलं मन राखायला बोलते आहे. ती उठून गेली आणि तिने स्वतः डोळा लावला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही वड्या दुधासारख्या स्वच्छ होत्या.

ती स्टुलावर येऊन बसली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. आज बोटं कधी नव्हती इतकी मेलेली होती. सकाळी कपसुद्धा धरवला नव्हता. दोष बोटांचा असता तर आजच्या वड्या सगळ्यांत वाईट यायला हव्या होत्या. मग कालच्या का बिघडल्या आणि आजच्या का नाही?

ती मागच्या दाराने अंगणात आली. पलीकडच्या कारखान्याची चिमणी तिथून दिसायची. बारा वर्षं ती चिमणी बघत होती. हिवाळ्यात सकाळी तिचा धूर खाडीकडे जायचा आणि दुपारी उलटा, डोंगराकडे. आज सकाळचे दहा वाजले होते आणि धूर डोंगराकडे चालला होता.

पुतळाचे वडील मिठागरावर होते. वाऱ्यावर त्यांचं पोट होतं, त्यामुळे घरातल्या पोरींनाही वारे तोंडपाठ होते. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई, दुपारी समुद्राकडून येतो तो खारा. आभाळ आलं की मतलई पडतो. म्हणजे रोज सकाळी डोंगरावरून येणारा वारा आज आलाच नव्हता. आणि डोंगरावर काय होतं? रबाळ्याच्या मागे डोंगरात खडी फोडायची नवी गिरणी बसली होती. दिवाळीच्या पाडव्याला तिचा नारळ फुटला होता, सगळ्या गावाला पेढे वाटले होते.

ती जवळजवळ पळतच खोलीत आली. चाकाच्या वरच्या अंगाला खिडकी होती. तिची एक काच दिवाळीआधी काढली होती, तिथे पंखा बसवायचा होता. पंखा आलाच नाही, भोकाला पुठ्ठा लावलेला होता, तोही एका बाजूने सुटलेला. खिडकीचा काठ ती रोज पुसायची. आता तिने त्यावर बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. पण बोटाला आता कशाचंच काही लागत नव्हतं. तिने ते बोट जिभेवर टेकवलं आणि दात दाबले.

कच्‌.

सुकटीला लागत होती ती हीच.

"मॅडम," तिने ऋताला हाक मारली. बारा वर्षांत तिने एवढ्या मोठ्याने कोणाला हाक मारली नव्हती. "हितं या. काचेखाली हा कचरा ठेवून बघा."

ऋताने सेलोटेपचा तुकडा खिडकीच्या काठावर दाबला, उचलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मग दुसरा तुकडा पॉलिशच्या चाकाजवळच्या फळीवर दाबला. बराच वेळ तिने डोकं वर केलं नाही.

"मावशी, हा दगड आहे," ती म्हणाली. "काळा दगड. काय धार आहे एकेकाला. दोन्हीकडे तोच. हा कापडावर पडला तर..." आणि ती मधेच थांबून हसायलाच लागली. "आणि मला वाटत होतं माझा फोकस चुकतोय. मी रात्रंदिवस त्याच विचारात होते."

पुतळा स्टुलावर बसली. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. एक लांब श्वास आला, पोटातून, आणि त्यामागून आणखी एक. दोन महिने कोणीतरी छातीवर वरवंटा ठेवला होता आणि आता तो उचलून बाजूला केला होता.

दुपारी दातार सर आले तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. बोटांचंही सांगितलं. ते आता सांगायची गरज नव्हती, पण तिला काहीच आत ठेवायचं नव्हतं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"मी महिनाभर कागदवाल्याशी भांडतोय," ते म्हणाले. "त्या बिचाऱ्याने दोनदा गठ्ठे बदलून दिले." मग चष्मा चढवत म्हणाले, "तुम्हाला स्टोअरमध्ये बसवावं का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला होता, पुतळाबाई. दोनदा बोलायला म्हणून आलो आणि तसाच परत गेलो. बरं झालं गेलो."

"मी सोताच येनार होते सांगायला," पुतळा म्हणाली. यावर दोघंही हसले.

"सर," ती मग म्हणाली, "हुकाचा तुकडा सोमवारी पाठवायचाय ना? मना उद्याचा दिवस द्या."

सरांनी कपाटातून तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला.

त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा बायजाबाईला म्हणाली, "सासूबाय, सुकटीचा दोष नाय आन माझा बी नाय. डोंगर खाली येतोय." सासूला काही कळलं नाही, पण सून हसते आहे हे बघून तीही हसली. त्या दिवशी पुतळा दोन भाकरी जेवली. नामदेव पाळीवरून आला तेव्हा तिने त्याला बोटांचं सांगितलं. तो चिडला, आधी का सांगितलं नाहीस म्हणून. मग म्हणाला, "सोमवारी वाशीला डाक्टरकडं जाऊ." त्याचं ते चिडणंही तिला गोड लागलं.

शनिवारी ऊन पडलं आणि मतलई परत सुरू झाला. पुतळाने तिकडे लक्ष दिलं नाही. सकाळीच काचवाल्याने खिडकीला काच बसवली होती, फटी मेणाने बुजवल्या होत्या. दाराला तिने जुनं लुगडं ओलं करून टांगलं. घरून एक परात आणली आणि चाक थांबलेलं असताना ती त्यावर पालथी घालायची असं ठरवलं. कापड नवं, पाणी नवं. आधी एक साधी वडी करून ऋताला दिली. स्वच्छ आली. तेव्हाच तिने हुकाचा तुकडा हातात घेतला.

आता काठ जपायचा होता. काठाला आधार नसला की तो कडेने झिजतो आणि गोल होतो, गुरुवारी झाला तसा. म्हणून तिने त्या काठाला चिकटून दुसऱ्या पोलादाची एक पातळ पट्टी दाबून बसवली आणि मग दोन्ही मिळून बेकेलाइटची वडी पाडली. आता घासण्याची झळ पट्टीने सोसावी आणि काठ सरळ राहावा. पहिला कागद, एकाच दिशेने, हलक्या हाताने. धुणं. पाव फेरा वळवून दुसरा. बोटं बधिर होती, म्हणून तिने बोटांवर भरवसा ठेवला नाही. मनगटाने आणि कानाने काम केलं. कागद नवा असताना त्याचा आवाज कसा येतो, रेघा मिटत आल्या की तो कसा बारीक होतो, हे कान इतक्या वर्षांत शिकले होते. तिसरा कागद. चौथा. मग परात उचलून चाक. थोडाच वेळ, वडी हळूहळू उलट दिशेने फिरवत. जास्त वेळ ठेवली तर काठ पुन्हा झिजेल. धुतली, स्पिरिट ओतलं आणि गरम हवेखाली नेहमीपेक्षा दुप्पट वेळ धरली. चिरेत पाणी लपून राहतं आणि मागून बाहेर येऊन डाग पाडतं, हे तिला ठाऊक होतं.

ऋताने वडी काचेखाली ठेवली. सर मागे उभे होते.

"ओरखडा नाही," ऋता म्हणाली. "काठ सरळ आहे. आणि सर, ही बघा."

काठावरून एक रेघ आत गेली होती, वेडीवाकडी, करड्या रंगाने भरलेली. आता तिला ओरखडा म्हणण्याची सोय नव्हती. सरांनी वडीवर सौम्य ॲसिडचा बोळा फिरवला, काही क्षणांत धुतली आणि स्वतः बघायला बसले. बघता बघता त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी पुतळाला बोलावलं.

"बघा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा दिसतो?"

दिसत होता. बाकी पोलाद राखाडी, आणि चिरेच्या दोन्ही अंगांना पांढरी किनार.

"पोलाद लालबुंद असताना चीर पडलेली असेल तरच तिच्या कडेचा कार्बन जळतो आणि अशी किनार येते. थंड हुक वजनाने मोडला तर अशी येत नाही. हुक ठोकून घडवला त्या दिवशीच धातूची घडी आत दुमडली गेली होती. ही चीर पहिल्या दिवसापासून आत होती. क्रेनवाल्याने काय उचललं याच्याशी तिचा संबंध नाही."

पुतळाने पुन्हा एकदा बघितलं. कट्ट्यावर बसलेला, पेला हातात धरलेला माणूस तिला आठवला. तिने तोंडाला पदर लावला, आणि ऋताने तिच्या पाठीवर हात ठेवला.

सोमवारी रिपोर्ट गेला. पुढच्या शुक्रवारी प्रयोगशाळेत फोन आला आणि ऋता म्हणाली, "मावशी, तुमच्यासाठी." पुतळाने फोन दोन्ही हातांनी धरला.

"बाई, मी हौसेराव. कामावर घेतलं बघा." तो म्हणाला. "दातारसाहेबांकडनं तुमचं नाव कळलं. त्या दिवशी पानी तुमीच दिलं न्हवं? सांगितलं का न्हाई मग?"

"त्या दिवशी सांगन्यासारखं काय नव्हतं," पुतळा म्हणाली. "फिटरचं कसं हाय?"

"प्लास्टर निघतंय पुढच्या म्हैन्यात. त्याची बायको काल घरी आलती. बसली, चहा पेली."

"बरं झालं."

डॉक्टरांनी सांगितलं की मनगटात शीर दबली आहे, हे काही फार मोठं दुखणं नाही. झोपताना पट्टी बांधायला दिली आणि मे महिन्यात एकेका हाताचं छोटं ऑपरेशन केलं. सहा आठवडे पुतळा घरी बसली. तोपर्यंत वड्या ऋताने करायच्या असं ठरलं. एवढी शिकलेली मुलगी, तिला काय अवघड, असं सगळ्यांना वाटलं, तिला स्वतःलाही. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी ती घणसोली गावात पुतळाचं घर शोधत आली. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेल्या तीन वड्या होत्या.

"खिडकी बंद आहे, परात घालते, ओलं लुगडंही आहे," ती ओट्यावर बसत म्हणाली. "तरी बघा ना कशा आल्यात."

पुतळाचा उजवा हात अजून पट्टीत होता. तिने डाव्या हाताने एक वडी घेतली आणि मावळतीच्या उजेडात तिरपी धरली. बोटांच्या टोकांना वडीचा थंडावा लागत होता, कडेची बारीक धारही लागत होती. सात-आठ महिन्यांनी लागत होती. ती जरा वेळ तशीच वडी धरून बसली.

"मॅडम, दोन-शून्यवरून तीन-शून्यवर जाताना नखं धुता का?"

ऋताने आपल्या नखांकडे बघितलं. लांब होती, गुलाबी रंग लावलेला.

आतून बायजाबाई विचारत होती, पाव्हनी जेवनार का. "जेवनार," पुतळा म्हणाली, आणि नेलकटर शोधायला उठली.